बुळकांड्या रोगाचा समूळ उच्छेद

देवीचा रोग १९८० सालीं पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें, हें आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक असतें. परंतु गुराढोरांचाही एक रोग तसाच निखालस नष्ट झाला आहे, हें फार थोड्यांस माहीत असतें. तो रोग म्हणजे बुळकांड्या होय. त्याचा बीमोड कसा झाला, व उत्तम लस हातीं असतांही त्यास इतकीं वर्षें कां लागलीं, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

बुळकांड्या हा एका अतिसूक्ष्म विषाणूपासून होत असे. मनुष्यांस होणाऱ्या गोवराच्या विषाणूचा तो जवळचा आप्त. मात्र मनुष्यांस त्याची बाधा होत नसे. जनावरास प्रथम सडकून ताप येई, मग नाकाडोळ्यांतून पाणी गळे, तोंडांत व्रण उठत, आणि शेवटीं भयंकर हगवण लागून तें मरे. ज्या प्रदेशांत हा रोग पूर्वीं आला नव्हता, तेथें शेंकडा ऐंशी-नव्वद गुरेंही दगावत. १८८७ च्या सुमारास तो आफ्रिकेच्या ईशान्य भागांत शिरला आणि दहा वर्षांच्या आंत त्या खंडाच्या दक्षिण टोंकाकडे जाऊन पोहोंचला. इथिओपियांत नांगरास बैल उरले नाहींत. त्यांतच अवर्षणाची भर पडून १८८८ ते १८९२ या काळांत तेथें घोर दुष्काळ पडला. गुरांचें मरण माणसांचें मरण होतें, तें असें.

या लढ्याशीं महाराष्ट्राचाही संबंध आहे. जनावरांच्या रोगांच्या संशोधनासाठीं सरकारी प्रयोगशाळा १८८९ सालीं प्रथम पुण्यांतच निघाली. १८९३ सालीं ती हिमालयांतील मुक्तेश्वर येथें नेण्यांत आली. तेथेंच पुढें एडवर्ड्‌स नांवाच्या शास्त्रज्ञांनीं १९२० नंतरच्या दशकांत हा विषाणु बकऱ्यांच्या शरीरांतून वारंवार नेऊन सौम्य केला व त्याची लस बनविली. त्यानंतर केनियांत वॉल्टर प्लाउराइट यांनीं काचपात्रांत जिवंत पेशींवर विषाणु वाढवून अधिक निर्धोक लस तयार केली. ती एकदां टोंचली कीं जनावर दीर्घ काळ, बहुधा जन्मभर, सुरक्षित राही.

हा रोग समूळ नष्ट होण्याजोगा होता, यास कारणें आहेत. त्याच्या विषाणूची प्रतिकाराच्या दृष्टीनें एकच जात असल्यामुळें एकच लस सर्वत्र चाले. बरें झालेलें जनावर रोगाचें बीज अंगांत बाळगीत नसे. शिवाय ऊन व कोरडी हवा यांत हा विषाणु फार काळ तग धरीत नसे. याच्या उलट लाळ्या-खुरकूत या रोगाच्या विषाणूच्या सात जाती असून एकीची लस दुसरीस चालत नाहीं, आणि बरीं झालेलीं गुरेंही तो विषाणु कित्येक महिने घशांत बाळगूं शकतात. म्हणून तो रोग आवरणें कितीतरी कठीण आहे.

भारतांत १९५४ सालीं बुळकांड्याविरुद्ध देशव्यापी टोंचणीची मोहीम सुरू झाली. रोग झपाट्यानें कमी झाला, पण निर्मूळ झाला नाहीं. प्रतिवर्षीं नवीं वासरें जन्मास येत. कांहीं कळप टोंचणीवांचून राहत. आणि बाजारोबाजार हिंडणारीं गुरें रोग पुन्हा पसरवीत. तेव्हां १९९२ पासून नवी योजना आंखण्यांत आली. नुसती टोंचणी करीत न राहतां गांवोगांवीं व गुरांच्या वाटांवर रोगाचा शोध घ्यावयाचा, आणि तो दिसेनासा झाल्यावर टोंचणी बंद करावयाची, असें ठरलें.

टोंचणी बंद कां, असें कोणी विचारील. टोंचलेल्या जनावराच्या रक्तांत जीं प्रतिकारद्रव्यें सांपडतात, तशींच रोगांतून वांचलेल्या जनावराच्याही रक्तांत सांपडतात. म्हणून टोंचणी चालू असेपर्यंत रोग खरोखर गेला कीं केवळ झांकला गेला, हें रक्ताच्या परीक्षेनें समजत नसे. ढाल खालीं ठेवल्यावांचून शत्रु गेल्याची खात्री होणार नव्हती. त्याला धैर्य लागलें, आणि त्याहूनही अधिक अखंड जागरूकता लागली. भारतांतील शेवटचा उद्रेक १९९५ सालीं झाला. २००६ सालीं आपला देश या संसर्गापासून मुक्त असल्याचें मान्य झालें. जगांतील शेवटचा ज्ञात रोगी २००१ सालीं केनियांतील रानम्हशींत आढळला, व २०११ सालीं हा रोग पृथ्वीवरून नष्ट झाल्याची घोषणा झाली.

शंभर मेंढरांपैकीं हरवलेल्या एकासाठीं नव्याण्णव मागें ठेवून शोधास निघणाऱ्या मेंढपाळाचा दृष्टांत प्रभु येशूनें दिला आहे. नव्याण्णव गुरें निरोगी आहेत, एवढ्यावर समाधान मानलें असतें तर बुळकांड्या आजही आपल्या गोठ्यांत असता. तें शेवटचें एक आजारी जनावर शोधून काढावें लागलें; आणि त्यासाठीं धन्यानें तें लपवून न ठेवणें अवश्य होतें. बाजार बंद होईल, शेजारी नांवें ठेवतील, या भीतीनें रोग लपविणारा मनुष्य स्वतःबरोबर साऱ्या गांवाचें नुकसान करतो.

२०२२ सालीं लम्पी चर्मरोगानें आपल्या राज्यांतील अनेक गोठे दुःखी केले, याची आठवण अजून ताजी आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं गाईबैल आहेत. घरच्या जनावरास ताप आला, अंगावर गांठी किंवा तोंडांत फोड दिसले, तर तें वेगळें बांधावें, बाजारांत नेऊं नये, आणि त्याच दिवशीं गुरांच्या दवाखान्यांत वर्दी द्यावी. एवढें त्यांनीं केलें, तर हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.