कोंबडीच्या खाद्यात हळद-लसूण : प्रतिजैविकांना घरचा पर्याय



ऊस वर्षभर रानात उभा असतो आणि बिल हाती येईपर्यंत घरखर्च थांबत नाही. त्यामुळे कनेरगाव नाका परिसरातही कुक्कुटपालनाचा जोडधंदा सोयीचा ठरतो. परंतु पिले दगावू नयेत आणि लवकर भरावीत म्हणून निरोगी कोंबड्यांनाही खाद्यातून प्रतिजैविके देण्याची सवय घातक आहे.

धोका कोणता?
रोज थोडे थोडे औषध मिळाले की कमजोर जंतू मरतात, चिवट जंतू उरतात आणि वाढतात. तेच जंतू मांसातून, पाण्यातून, खतातून माणसापर्यंत येतात. मग दवाखान्यात तेच औषध लागू पडत नाही. कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरचे म्हणून राखलेले औषध. ते कोंबड्या-जनावरांना देण्यास भारत सरकारने २०१९ साली बंदी घातली. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके देणे २००६ पासून बंद केले.

घरचा पर्याय
हळद तर आपल्या हिंगोली-वसमत भागाचेच पीक. हळदीतील कुरकुमीन, ठेचलेल्या लसणातील ॲलिसीन व ओव्यातील थायमॉल हे घटक आतड्यातील अपायकारक जंतूंना आवर घालतात. प्रयोगांत फायदा दिसला आहे, पण सगळीकडे सारखा नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कसे द्यावे?
१) १०० किलो खाद्याला ५०० ग्रॅम हळद पुरे. आधी ती ५ किलो खाद्यात कालवावी, मग सर्व खाद्यात मिसळावी.
२) हळद घरचीच, शिजवून वाळवून दळलेली घ्यावी. रंग मारलेली किंवा बुरशी लागलेली नको.
३) लसूण ठेचून त्याच दिवशी वापरावा, शिळा ठेवू नये.
४) कंपनीच्या करारावर पक्षी असतील तर विचारल्याशिवाय काही मिसळू नये.

हिशेब ठेवा
एकाच वयाची ५० पिले साध्या खाद्यावर व ५० हळदीच्या खाद्यावर ठेवावीत. खाल्लेल्या खाद्याला वाढलेल्या वजनाने भागावे. १७० किलो खाद्यात १०० किलो वजन वाढले तर आकडा १.७ येतो. आकडा जितका कमी तितका फायदा जास्त. मरतुकही लिहून ठेवावी. हळदीचा खर्च वजा जाता पैसे उरले तरच पुढे चालू ठेवावे.

हे विसरू नका
हळद म्हणजे लस नव्हे. मानमोडी, गंबोरो यांच्या लसी वेळेवर टोचल्या-पाजल्याच पाहिजेत. शेडमधील भुसा किंवा उसाचे वाळलेले चिपाड कोरडे राहील असे पाहावे. ओल आली की रक्ती हगवण आलीच म्हणून समजा. पक्षी आजारी पडल्यास पशुवैद्यकाला दाखवून सांगतील तेवढेच औषध द्यावे, आणि औषधानंतर सांगितलेले दिवस पुरे झाल्याशिवाय कोंबडी वा अंडी विकू नयेत. गिऱ्हाईक आपल्याच गावचे, आणि खाणारी लेकरेही आपलीच आहेत.