गुळवेल खरी की तिच्यासारखी दिसणारी?



कोरोनात आपल्या किती घरांत गुळवेलीचा काढा उकळत होता! आमच्या मावल्यातही कुंपणावरची वेल तोडून आणायचे. तेलुगू शेजारी तिला तिप्पतीगा म्हणतात. मीही घरच्यांना काढा दिला. पण ती वेल गुळवेलच आहे का, हे कुणाला विचारलंच नाही.

२०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती हे तपासलंच नाही. तशीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल यकृताला बाधू शकते.

मग तपासतात कसं? क्रोमॅटोग्राफीने. आधी मुलांना घेऊन हा प्रयोग करा. पांढऱ्या खडूच्या खालच्या टोकापासून बोटभर वर काळ्या स्केचपेनने गोल रेघ ओढा. वाटीत थोडंसं पाणी घेऊन खडू उभा करा, रेघ भिजू देऊ नका. पाणी वर चढेल तसे काळ्यात लपलेले रंग वेगवेगळे होतील. रशियाचे शास्त्रज्ञ त्स्वेत यांनीही १९०३ च्या सुमारास खडूच्या भुकटीतूनच पानांतले रंग वेगळे केले होते.

प्रयोगशाळेत खडूऐवजी सिलिकाचा थर दिलेली पट्टी असते. चूर्णाचा अर्क आणि शेजारी खात्रीच्या गुळवेलीचा अर्क लावतात, पट्टी द्रावकात उभी करतात. प्रत्येक घटक आपापल्या उंचीवर थांबतो. अतिनील दिव्याखाली दोन्हींचे पट्टे जुळले तर ओळख पटते. आयुर्वेदाच्या सरकारी औषधकोशातही अशा चाचण्या दिल्या आहेत.

पण इथेच निर्धास्त होऊ नका. २०२२ मध्ये देशभरातल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात मिळालेले नमुने तपासले, तर यकृताला बाधणारी दुसरी भेसळ सापडली नाही. तरीही इजा झाली होती, आणि बऱ्याच जणांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्याच्या खुणा होत्या. म्हणजे चाचणी "ही वनस्पती कोण" एवढंच सांगते. "तुम्हाला सोसेल का" हे वैद्य किंवा डॉक्टरच सांगतील.

म्हणून एवढं पाळूया:
१) ओळख पटल्याशिवाय कुंपणावरची वेल उकळायची नाही.
२) यकृताचा आजार, संधिवातासारखा ऑटोइम्यून आजार असेल तर विचारल्याशिवाय काढा नको.
३) काढा घेताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर तो बंद करून लगेच डॉक्टरांकडे.

श्रद्धेने दिलेलं औषधही पारखूनच द्यावं. घरातल्या थोरामोठ्यांना हे नक्की वाचून दाखवा.

– आपली एक सेवेकरी ताई, मावला