श्रवणभ्रम आणि वाक्प्रचार

कंधारचे नाव घेताच दूरच्या श्रोत्याला अफगाणिस्तानातील कंदाहार ऐकू येते. अपरिचित शब्दाच्या जागी कान परिचित शब्द बसवतो. ‘अटकेपार झेंडा’मधील अटक म्हणजे कैद नव्हे, सिंधूकाठचे अटक; मराठी फौजा १७५८ मध्ये तेथवर पोहोचल्या. ‘पाचवीला पुजलेले’मधील पाचवीही इयत्ता नाही, ती जन्मानंतरच्या पाचव्या दिवसाची पूजा. असे अर्थ उत्तरपत्रिकेत चूकच ठरतात.

‘ओनामा’चे प्रकरण मात्र निराळे. ‘ॐ नमः सिद्धम्’ हे मंगलवचन पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या घोकंपट्टीत झिजले आणि ‘आरंभ’ या अर्थाचा शब्द उरला. त्याला अशुद्ध म्हणणे हा निव्वळ पंडिती हट्ट होय.

स्वयंअध्ययन : घरातील वडीलधाऱ्यांकडून असा एक वाक्प्रचार ऐकून त्यातील बदल भ्रम की रूढी, हे सकारण लिहा.