दगड, माती व घराची भिंत
(कुटुंब-शिबिरासाठी पाठ)

सुगी आटोपून रास घरी आली म्हणजे मंडळ्यांमधून कुटुंब-शिबिरांची बोलणी सुरू होतात. भजन, प्रार्थना व शास्त्रवाचन ही तर शिबिरात होतातच. परंतु आईबाप व मुले दोन-तीन दिवस एकत्र असतात, तेव्हा ज्या भूमीवर आपण राहतो तिचाही एक पाठ घ्यावा, असे आम्हांस वाटते. नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांतील उपदेशकांच्या सोयीसाठी तो पाठ येथे मांडीत आहो.

पहिल्या सकाळी यहोशवाचा चौथा अध्याय वाचावा. इस्राएल लोक यार्देन उतरून गेले तेव्हा नदीच्या पात्रातील बारा धोंडे उचलून आणण्याची आज्ञा त्यांस झाली. कशासाठी? तर पुढे मुले त्यांविषयी विचारतील, आणि वडिलांनी त्यांस उत्तर द्यावे म्हणून. आपल्या मुलुखातही धोंडे पुष्कळ आहेत व मुलेही विचारतात. आपल्यापाशी उत्तर असावे, एवढाच ह्या पाठाचा हेतू.

पहिला धडा : पायांखालचा खडक

लातूर जिल्ह्याचा बहुतेक भाग व नांदेडचा पश्चिम भाग काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीस लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून वितळलेला खडक वर आला, दूरवर पसरला व थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला. असे थरावर थर चढले. दोन थरांमधील विसाव्याच्या काळात वरचा खडक झिजून कोठे कोठे त्याची तांबडी माती झाली, व ती पुढच्या थराखाली दडपली गेली. विहीर खणणाऱ्यांस ही तांबडी पट्टी ओळखीची असते. हाच पाषाण झिजून आपली काळी जमीन झाली. जी ज्वारी व तूर आपण खातो, ती त्या जुन्या अग्नीची देणगी होय.

आता देगलूर, बिलोली अथवा किनवट ह्या बाजूस जावे. तेथे काळ्या पाषाणाची चादर विरत जाते आणि तिच्याखालचा फार जुना खडक उघडा पडतो. हा ग्रॅनाइट. रंगाने करडा वा गुलाबी, चकाकणाऱ्या कणांचा. त्याच्या गोल शिळा एकमेकींवर रचल्यासारख्या दिसतात. त्याची माती हलकी व रेताड. मुलांनी दोन्ही ठिकाणची मूठमूठ माती आणून पाण्यात कालवून पाहावी. काळी हाताला चिकटते, रेताड तळाशी बसते. एक पेरा कोठे साधतो व दुसरा कोठे, हे त्यांस तेथेच उमगेल.

कोणी म्हणेल, ही कोट्यवधी वर्षांची भाषा विश्वासणाऱ्यास शोभते काय? त्यास आम्ही रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप ह्यांचे उदाहरण देऊ. हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. त्यांनी शाळा चालविली, सुवार्ता सांगितली, आणि रॉबर्ट हंटर ह्या सोबत्याबरोबर नागपुराभोवतालचे खडक व त्यांत उरलेल्या प्राचीन जीवांच्या खुणा बारकाईने तपासल्या. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतत असता पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आजही आहे. निर्माणकर्त्याचे वचन वाचणे व त्याची सृष्टी वाचणे, ह्या दोहोंत त्यांस वैर दिसले नाही.

दुसरा धडा : माणसाने रचलेला दगड

दुसऱ्या दिवशी जवळ असेल त्या किल्ल्यास जावे. कंधारचा किल्ला राष्ट्रकूटांच्या आठवणी सांगतो. औसा व उदगीर येथील किल्ल्यांनी दख्खनच्या सुलतानांचा काळ पाहिला. उदगीरजवळ १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंच्या हाताखालील मराठी फौजेने निजामाचा पराभव केला. पुढील वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी, तेच भाऊ पानिपतावर पडले. विजय किती अल्पायुषी असतो, हे ह्याहून स्पष्ट कोठे दिसावे? पुढे हा प्रांत दीर्घकाळ निजामाच्या राज्यात राहिला. १९४८ च्या १७ सप्टेंबरला ती सत्ता संपली. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, व १९८२ साली उस्मानाबादेतून लातूर हा वेगळा जिल्हा निघाला.

परंतु केवळ सनावळी पाठ करून घेऊ नये. मुलांस तटाजवळ न्यावे आणि दगडांचे सांधे पाहावयास सांगावे. चिरे घडविलेले आहेत, चुन्यात बसविलेले आहेत. नंतर गावातील एखादी जुनी भिंत दाखवावी. तिचे दगड जसे सापडले तसे, आणि सांध्यात चिखल. भिंत जाड, कधी दोन हातांची, पण आतून ती एक भिंत नसून शेजारी शेजारी उभ्या केलेल्या दोन भिंती असतात, आणि मधे खडीमातीची भर. दोन्ही अंगांस सांधणारा आरपार दगड क्वचितच असतो. वर माळवद, आणि त्यावर वर्षानुवर्षे चढविलेला मातीचा थर. उन्हाळ्यात घर थंड राहते, म्हणून ही रीत चालत आली. हा फरक ध्यानात ठेवावा. पुढचा धडा त्यावरच उभा आहे.

तिसरा धडा : किल्लारी

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्यास चार मिनिटे असता लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांची भूमी हादरली. गणेशविसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती व गावे गाढ झोपेत होती. धक्क्याची तीव्रता ६.२ च्या सुमारास होती. जगात ह्याहून कितीतरी मोठे भूकंप झाले आहेत. परंतु ह्याचे मूळ जमिनीखाली फार खोल नव्हते, आणि वर त्या चिखलातल्या भिंती व मातीची माळवदे होती. भिंतीचे दोन अंग फाकले, माळवद खाली आले, आणि हजारो माणसे आपल्याच घरांत गाडली गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली.

सूचना मुळीच मिळाली नव्हती असे नाही. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून किल्लारीस हादरे जाणवत होते व १८ ऑक्टोबर १९९२ चा हादरा मोठा होता. परंतु हा प्रदेश त्या काळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडत असे. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र पाडले, तेव्हा काळा पाषाण सुमारे ३३८ मीटरांवर संपला व त्याखाली तोच जुना ग्रॅनाइट लागला, जो देगलुराकडे उघडा दिसतो. त्या खोल, जुन्या खडकात दडलेल्या भेगा ताणाने सरकतात, तेव्हा वरची चादर हलते. २००२ साली नकाशा सुधारण्यात आला व लातूरचा भाग वरच्या धोक्याच्या पट्ट्यात गेला. २०२४ साली २१ मार्च व १० जुलै रोजी हिंगोली जिल्ह्यात धक्के झाले, ते नांदेडासही जाणवले. भूमी अद्याप निजलेली नाही.

तर मग अपराधी कोण?

हा प्रश्न मुले विचारतीलच, आणि मोठी माणसे मनात विचारीत असतात. जे मेले ते पापी होते काय? लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेल्याची गोष्ट आहे. ती माणसे यरुशलेमातील इतरांहून अधिक अपराधी होती, हा तर्क प्रभूने साफ नाकारला; आणि ऐकणाऱ्यांस म्हटले की तुम्ही आपला विचार करा. म्हणून किल्लारीच्या मृतांवर कोणी दोष ठेवील तर उपदेशकाने त्यास तेथेच थांबवावे. त्या पहाटे निरपराध तान्ही मुलेही गेली. आपण जे वाचलो ते आपल्या पुण्याईने नव्हे.

आपला विचार करणे म्हणजे काय, हे अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील आठव्या वचनात दिसते. नवे घर बांधणाऱ्याने धाब्यास कठडा करावा, नाही तर कोणी पडून मेल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असे तेथे सांगितले आहे. पाहा, शेजाऱ्यावरील प्रीती हा केवळ मनाचा भाव नाही. ती कठड्याची उंचीही मोजते. भूकंपाचा दिवस कोणास ठाऊक नाही. भिंत मात्र आपल्या हातची आहे.

शिबिरातून घरी जाताना

प्रत्येक कुटुंबाने परतल्यावर आपले घर पाहावे. भिंत फुगली आहे काय? कोपऱ्यांत चिरा गेल्या आहेत काय? माळवदावर दरवर्षी माती चढत चालली असेल तर जाणत्या गवंड्यास विचारून ती उतरवावी. पत्र्यावर दाबासाठी ठेवलेले धोंडे काढून पत्रे खिळ्यांनी वा आकड्यांनी पक्के करावेत. नवी दगडी भिंत घालताना थराथरात आरपार दगड घालण्याचा आग्रह धरावा, आणि दारेखिडक्यांच्या डोक्यावरून सर्व भिंतींस वेढणारा सलग काँक्रीटचा पट्टा बांधावा. ह्या पट्ट्याने चारही भिंती एकमेकींस धरून राहतात. शेजारची विधवा किंवा म्हातारा मनुष्य हे खर्च सोसू शकत नसेल, तर मंडळीतील चार तरुणांनी एक दिवसाची मजुरी त्या घरास द्यावी. तोच त्या आठवड्याचा उपदेश समजावा.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या गावचा खडक कोणता, व त्याची माती कोणती?
२. आपल्या गावातील सर्वांत जुनी भिंत कशात बांधली आहे?
३. संकटात सापडलेल्यास आपण दोष देतो, की हात देतो?
४. आपल्या मंडळीत कोणाचे घर आधी पाहावयास हवे? त्याचे नाव ठरवूनच शिबिर सोडावे.