बर्गेनचा पाऊस आणि मुंबईचा पाऊस

हेतू : वर्षभराच्या पावसाचा एकच आकडा पाठ केल्याने प्रदेशाचे हवामान कळत नाही, तो पाऊस केव्हा व किती दिवसांत पडतो हेही पाहावे लागते, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे.

प्रस्तावना : शिक्षकांनी प्रथम प्रश्न करावा, "कोकणात एवढा पाऊस पडतो, तरी वैशाखात कित्येक गावांच्या विहिरी का आटतात?" मुलांची उत्तरे फळ्याच्या एका बाजूस लिहून ठेवावीत. खरे उत्तर इतक्यात सांगू नये.

विवेचन : नॉर्वे देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ६० उत्तर अक्षांशाच्या किंचित वर, बर्गेन हे बंदर आहे. तेथे वर्षाकाठी सुमारे सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईचा पाऊसही साधारणपणे तेवढाच. पाऊस पडण्याचे एक कारणही दोन्हीकडे समान आहे. समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे डोंगरांस अडून वर चढतात, थंड होतात व पाऊस देतात. डोंगरांपलीकडे पाऊस कमी होतो. महाबळेश्वराच्या मानाने वाईस जसा थोडा, तसाच बर्गेनच्या मानाने ओस्लो येथे सुमारे एक तृतीयांश.

साम्य येथे संपते. मुंबईचा नव्वद टक्क्यांहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एकट्या जुलैत सुमारे ८०० मिलिमीटर, तर एप्रिल जवळजवळ कोरडा. बर्गेनला मात्र अटलांटिक महासागरावरून पश्चिमी वारे व आवर्ते बाराही महिने येत असतात. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत दरमहा अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. एप्रिल-मे हे त्यातल्या त्यात कोरडे महिने, तरी त्यांतही शंभराच्या आसपास. २९ ऑक्टोबर २००६ पासून २१ जानेवारी २००७ पर्यंत तेथे सलग ८५ दिवस पाऊस पडला.

उष्ण सागरी प्रवाहामुळे एवढ्या उत्तरेसही जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या वर राहते व बंदर गोठत नाही. जुलैची सरासरी मात्र १५ अंशांच्या आसपासच असते. डिसेंबरात दिवस सुमारे सहा तासांचा, तर जूनमध्ये एकोणीस तासांचा. अशा थंड, ओल्या हवेत भात पिकत नाही. गवत उत्तम वाढते व त्यावर मेंढ्या आणि गुरे पोसली जातात.

प्रयोग : शाळेच्या आवारातील उतारावर मातीचे दोन सारखे चौकोन आखावेत. एकावर तांब्याभर पाणी एकदम ओतावे. दुसऱ्यावर तेवढेच पाणी भोके पाडलेल्या डब्यातून सावकाश शिंपडावे. कोठले पाणी वाहून गेले व कोठले मुरले, हे मुलांनीच सांगावे. नंतर आरंभीच्या प्रश्नाकडे वळावे. तीव्र उतारावरून व जांभ्या दगडाच्या सड्यांवरून पावसाचे पाणी लवकर समुद्रास मिळते, आणि पुढील आठ महिने भर पडत नाही, हे उत्तर आता मुलांकडूनच येईल. बांध घालून पाणी अडविण्याचे महत्त्वही त्यांस निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

स्वाध्याय : एक बोट म्हणजे १०० मिलिमीटर, या प्रमाणाने दोन्ही शहरांच्या एप्रिल व सप्टेंबर महिन्यांच्या पावसाचे स्तंभ काढावेत, मुंबईचा सप्टेंबरचा आकडा शिक्षकांनी भूगोलाच्या नकाशासंग्रहातून द्यावा. जूनपासून पुढील मेअखेरपर्यंत गावातील पावसाच्या दिवसांची नोंद वर्गाच्या वहीत ठेवावी. दुसऱ्या वर्षी हाच पाठ घेताना ती वही वर्गापुढे ठेवावी.