पेजेनं घात केला

कॅन्सरमुळे नागपूरला बाबांचं अख्खं जठर काढलं. घरी आणलं तेव्हा वजन ५० किलो होतं. पाच आठवड्यांनी राइस मिलच्या काट्यावर उभं केलं तर ४३. आजार उलटला असं धरून मी रडतच परत नागपूर गाठलं. आजार उलटला नव्हता. माझ्या पथ्यानं बाबा उपाशी होते.

सुट्टी देताना कुणीतरी ‘हलकं खाऊ घाला’ म्हणालं होतं. आमच्या आरमोरीकडे हलकं म्हणजे कनकीची, तांदळाच्या कण्यांची पेज. ती तीन वेळा वाटीभर द्यायची आणि सुटायचं. अंडं उष्ण, मासोळी जड, डाळ वातूळ, असं म्हणत शेजारणींनी एकेक पदार्थ ताटातून काढला आणि मी काढू दिला. नागपूरच्या आहारतज्ज्ञ बाईंनी हिशेब मांडला. अशा ऑपरेशननंतर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. बाबांना ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६. पातळ पेजेच्या वाटीत नावापुरतीच. मिळालं नाही की शरीर स्वतःचंच मांस खातं.

दुसरी चूक आत्याच्या प्रेमातून झाली. तिनं मोहाचे लाडू आणले, वर गुळाचा चहा पाजला. पाव तासात बाबांना दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात मुरडा. जठर नसलं की गोड थेट आतड्यात उतरतं आणि तिथं पाणी ओढून घेतं. कधी दोन तासांनी साखर उतरून चक्करही येते. भेटीला येणारे ग्लुकोजचे पुडे आणतात, ते बकरीला घाला (बकरी खूश होते).

आता दिवसातून सात वेळा मूठ-मूठ. मऊ भात, घट्ट मुगाचं वरण, उकडलेलं अंडं, दही, काटे निवडलेली तळ्यातली मासोळी. चमचाभर तेल-तूप वरून. पाणी जेवणासोबत नाही, अर्ध्या तासानं. लाखोळीची डाळ घरची असली तरी रोज नको, अतिखाण्यानं पाय लुळे पडतात. रात्री उशाकडची बाजू उंच. बी-१२चं इंजेक्शन आयुष्यभर. जठराविना ते अन्नातून शोषलं जात नाही, आणि साठा संपायला वर्षं लागतात म्हणून माणूस गाफील राहतो.

पोटावर खाण्याची नळी असेल तर दवाखान्यानं सांगितलेलंच द्या, गाळून, सावकाश. आधी-नंतर कोमट पाण्यानं नळी धुवा. घरचं जाडंभरडं घातलं की नळी तुंबते. पावसाळ्यात वैनगंगा चढून ब्रह्मपुरीचा रस्ता बंद पडतो. म्हणून औषध नि पावडर पंधरा दिवसांची पुढची ठेवा.

बाबांचा तंबाखूचा खर्रा सुटायला मात्र खूप वेळ गेला. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून तंबाखू-दारूविरुद्ध ‘मुक्तिपथ’चं काम चालू आहे. त्यांचा कार्यकर्ता घरी आला की बाबा झोपेचं सोंग घ्यायचे. एकदा सोंग घेता घेता खरंच झोपले, तेव्हा मी उशाखालची पुडी काढली.

वजन दर सोमवारी त्याच काट्यावर. आठवड्यात किलोभर घसरलं तर वाट न पाहता फोन करायचा. गेल्या सोमवारी ४६ भरलं. बाबांनी काट्यावरूनच मिलवाल्याला विचारलं, “बारदाना वजा केला का रे?”