शब्दविचार : ‘फ्लेक्सिबल’ या विशेषणाचा अर्थ व वापर

इंग्रजी शब्दास मराठी प्रतिशब्द मिळाला म्हणजे भाषांतराचे काम संपले, असा एक समज कार्यालयांतून आढळतो. वस्तुतः खरे काम तेथून पुढे सुरू होते. ‘फ्लेक्सिबल’ हे विशेषण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

वडोदरा शहरास हा प्रश्न नवा नाही. बडोदे संस्थानाचे राजघराणे मराठी, बहुसंख्य प्रजा गुजराती आणि कारभारातील अनेक संज्ञा इंग्रजी, अशी तेथील स्थिती होती. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकीर्दीत, १९३१ साली, ‘श्रीसयाजीशासनकल्पतरु’ हा कोश प्रसिद्ध झाला. त्यात इंग्रजी शासकीय संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली प्रतिशब्द दिले आहेत. शेजारच्या भाषा काय म्हणतात हे पाहून शब्द पारखावा, ही दृष्टी आजही उपयोगी आहे. ‘फ्लेक्सिबल’ला मराठीत ‘लवचीक’ म्हणतात. गुजरातीतही हाच शब्द चालतो. हिंदीत ‘लचीला’ म्हणतात. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ‘वाकविणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे, तर ‘लवचीक’ शब्दात ‘लवणे’ हा भाव आहे. न मोडता वाकणारे ते लवचीक, हा मूळ अर्थ होय. त्याचे तीन प्रमुख उपयोग असे :

(१) वस्तूविषयी : वेताची छडी लवचीक असते. अनेक बारीक तारांची वीजवाहिनी एका जाड तारेच्या वाहिनीपेक्षा सहज वळते, म्हणून ती लवचीक. ताणून सोडल्यावर रबर पूर्ववत होते. त्या गुणास मात्र ‘स्थितिस्थापकता’ म्हणावे. सुती दोर लवचीक असतो, पण रबराप्रमाणे ताणला जात नाही.

(२) स्वभावाविषयी : येथे ‘जुळवून घेणारा’ किंवा ‘समजूतदार’ हे शब्द अधिक स्वाभाविक वाटतात. ‘लेचापेचा’ हा त्याचा अर्थ नव्हे. जुळवून घेणारा मनुष्य रीत बदलतो, तत्त्व सोडत नाही.

(३) नियमाविषयी : नागरिकशास्त्रात संविधानाचे लवचीक व ताठर असे प्रकार शिकवितात. भारतीय संविधानात दोन्ही गुण आहेत. राज्याची सीमा बदलण्यास संसदेचे साधे बहुमत पुरते. राष्ट्रपतींच्या निवडणुकीची रीत बदलण्यास मात्र संसदेतील विशेष बहुमताबरोबर किमान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची संमतीही लागते.

तिसऱ्या अर्थाने हा शब्द वापरताना विशेष सावधगिरी हवी. समजा, एखाद्या परिपत्रकात ‘दाखल्याची अट लवचीक राहील’ एवढेच लिहिले. एका गावचा कर्मचारी अट कायम आहे असे समजून दाखल्याविना आलेल्या विधवेचा अर्ज परत करील. दुसऱ्या गावचा कर्मचारी अट उठली असे समजून अपात्र व्यक्तीचाही अर्ज मंजूर करील. दोघेही परिपत्रकाकडेच बोट दाखवितील. येथे दोष शब्दाचा नाही. काय वाकणार आणि कोठपर्यंत, हे न लिहिण्याचा आहे. तेच वाक्य असे लिहावे : ‘अर्जासोबत दाखला नसल्यास तो तीस दिवसांत सादर करता येईल; मात्र दाखल्याशिवाय रक्कम मंजूर होणार नाही.’ यात ‘लवचीक’ शब्द नाही, पण लवचिकता आहे, आणि तिची मर्यादाही आहे.

तात्पर्य, वस्तूस ‘लवचीक’ म्हणावे, माणसास ‘जुळवून घेणारा’ म्हणावे आणि नियमाच्या बाबतीत सवलत व तिची मर्यादा स्पष्ट शब्दांत सांगावी. 

अभ्यास : ‘कार्यालयाची वेळ फ्लेक्सिबल आहे’ हे वाक्य, गावाहून पहिल्या एस.टी.ने येणाऱ्या शेतकऱ्यास किती वाजता यावे हे नेमके कळेल, अशा मराठीत शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावे.